चांदणीचं अस्तर

गव्हाच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळ कागदाला तोंड लावत नाही.

रिकाम्या पेटीला रेल्वेत भाडं पडत नाही. मात्र ती रिकामी आहे हे तिकीटबाबूला झाकण उघडून दाखवावं लागतं.

प्लेगच्या घरातलं जे जळतं ते जाळायचं. तांब्या, परात, पाटा, वरवंटा, एवढंच जळत नाही.

पोळ्याचे मातीचे बैल नाताळात गव्हाणीशेजारी उभे केले की ते बेथलेहेमचे होतात.

त्या साली रमजानची ईद नाताळाच्या दोनच दिवसांनी आली. छावणीतला शेवयावाला म्हणाला, देवांनी आधी एकमेकांना विचारून तरी घ्यावं.

सोमवारी, सहा जानेवारीला, मनकर्णाबाई लासूर स्टेशनहून आलेल्या गाडीतून उतरली.

तळाशी

ती घरी गेलीच नाही. डोक्यावर पत्र्याची रिकामी पेटी घेऊन सरळ देवळात आली. देऊळ म्हणजे छावणीच्या मागे, मिशनच्या चाळीला लागून असलेलं ख्रिस्ती मंडळींचं लहानसं प्रार्थनेचं घर. त्याची झाडलोट अकरा वर्षं तिच्याकडे होती. नाताळाची सजावट उतरवून भरून ठेवण्याचं कामही तिचंच. पूर्वेचे तीन ज्ञानी बाळ येशूच्या दर्शनाला पोचले तो दिवस सहा जानेवारीचा. तो आला की पताका खाली, असा त्या देवळाचा रिवाज.

देवळाची पेटी वेगळी. सागवानी, जड, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली. मनकर्णाबाईने ती ओढून मधे घेतली, तळाशी कडूलिंबाचा वाळलेला पाला पसरला आणि कागदी साखळ्या त्यावर गुंडाळून ठेवायला लागली.

"माय, दबतं ते खाली, फुटतं ते मधी, फाटतं ते वर."

हे शास्त्र तिच्या लेकीचं. आधीची सगळी वर्षं मनकर्णाबाई हाताला येईल तसं कोंबायची आणि पुढच्या नाताळात मेंढपाळाची मुंडी वेगळी, धड वेगळं निघायचं. लेक नऊ वर्षांची झाली आणि तिने पेटीचा कारभार हातात घेतला. आईने साखळी उलटी गुंडाळली तर डोळे वटारायची. "तू नुसती दे माय, ठेवते मी," म्हणायची, सासूसारखी.

बाप्तिस्म्यात मिससाहेबांनी पोरीचं नाव मार्था ठेवलं. शाळेच्या हजेरीत मार्था, वहीच्या पुठ्ठ्यावर मार्था. घरात मात्र आजीचं नाव चाललं, द्वारका, त्याची द्वारकी. बाप ती आठ वर्षांची असतानाच वारला. गेल्या माघात प्लेगने द्वारकी गेली. बारा वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी प्लेगखात्याची माणसं आली. मनकर्णाबाईला माळावरच्या झोपडीत जायला सांगितलं आणि घरातलं जळण्यासारखं सगळं दारात काढून जाळलं. परकर, गोधडी, पाटीची चौकट, वह्या, वेणीच्या फिती. चूक कुणाची नव्हती, रीतच ती होती. महिन्याने ती माळावरून परतली तेव्हा भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या होत्या आणि या खोलीत कधी एक पोर राहत होती असं सांगणारी एकही वस्तू उरली नव्हती.

एक उरली होती. ती देवळाच्या पेटीत होती, आणि दहा महिने ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

मधे

मधे माती. मरिया, योसेफ, बाळ, दोन मेंढपाळ, तीन ज्ञानी, पोळ्याची बैलजोडी. उंट कुणाला करता आला नव्हता म्हणून हत्ती. प्रत्येकाची चिंधी ठरलेली. मरियेला जुन्या लुगड्याचा निळा तुकडा, हत्तीला पोतं.

मरियेला गुंडाळताना मनकर्णाबाईने मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मास्तर, एक मागनं होतं.

तेरा दिवस ती हे म्हणून बघत होती.

देवळाच्या दारावर, कमानीच्या मधोमध, नाताळात चांदणी लागायची. आठ कोनांची, बैलगाडीच्या चाकाएवढी, लाल पतंगी कागदाची, कडांना बेगड. बांधणारा चांदपाशा. खाम नदीच्या काठाला राहणारा हा ताबूत बांधणारा माणूस. मोहरमात ताबूत, नाताळात चांदणी, संक्रांतीला पतंग. ख्रिस्ती लोकांचं काम कसं करतोस, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "बांबूला मजहब नसतो भाई, गाठी असतात."

चांदणीचे कोन सुटे निघत. उतरवली की एकात एक बसवून पेटीत सगळ्यात वर ठेवायची. दर दोन-तीन वर्षांनी कामट्या त्याच ठेवून वरचा कागद नवा मढवायचा. गेल्याच्या गेल्या नाताळाआधी तो मढवला तेव्हा द्वारकी त्याच्याजवळ बसली होती. नुसता पतंगी कागद वाऱ्याला टिकत नाही, आतून जाड कागदाचं अस्तर पाहिजे, असं तो म्हणाला. पोरीने घरी जाऊन आपली भरलेली वही आणली, टराटरा फाडली आणि पानं खळीने आतून चिकटवली. आठ कोन, एकेका कोनाला चार बाजू. बत्तीस पानं. मनकर्णाबाई तेव्हा ओटा सारवत होती. तिने बघितलंही नाही.

त्या वर्षी चांदणी दिवसाच लावली, दिवा आत ठेवलाच नाही. रॉकेल महाग झालं होतं. जानेवारीत मायलेकींनी ती उतरवून पेटीत ठेवली. माघात पोर गेली. यंदा डिसेंबरात चांदणी पुन्हा बाहेर निघाली आणि नाताळाच्या आदल्या संध्याकाळी चांदपाशाने रोजा सोडला, तोंड पुसलं, शिडी चढला आणि चांदणीत पेटती चिमणी ठेवली.

लाल कागदातून अक्षरं दिसायला लागली.

ओळीच्या ओळी. आठही कोनांत. मनकर्णाबाई खाली शिडी धरून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. पण त्या ओळी उजवीकडे जाता जाता वर चढत होत्या, टेकाडावर निघालेल्या मुंग्यांसारख्या. सरळ ओळ म्हणून पोरीला जमली नाही, त्यासाठी मास्तरांच्या छड्या खाऊन यायची आणि आईला तळवे दाखवायची.

चांदपाशा शिडीवरून खाली बघत हळूच म्हणाला, "तुमच्या पोरीचा हात है ये, बाई."

"व्हय," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चिमणी लागली की ती कमानीखाली उभी राहायची. लोक प्रार्थनेला आत जायचे, ही बाहेर. कुणी हटकलं तर हातात झाडू असायचाच. चांदपाशा ईदच्या दिवशीसुद्धा, नवा सदरा घालून, रॉकेल भरायला आला आणि तिच्यासाठी पायरीवर शेवयांची वाटी ठेवून गेला.

तिला चांदणी हवी होती. एवढंच. सहा तारखेनंतर पेटीत न ठेवता मला द्या, एवढं पंचांना म्हणायचं. पंच म्हणजे बद्रीनाथ मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवणारे, देवळाचं सगळं बघणारे. माणूस वाईट नव्हता. पण चांदणी देवळाची. देवळाची वस्तू झाडणाऱ्या बाईने घरासाठी मागायची कशी? नाही म्हणाले तर? उद्या कुणी म्हणेल, आज चांदणी मागते, उद्या घंटा मागेल. वाक्य ओठावर यायचं आणि मास्तर समोर आले की ती विचारायची, "मास्तर, सतरंजी झटकू का?"

शनिवारी ती लासूरला बहिणीकडे गेली. सारजाबाईकडे पत्र्याची एक पेटी होती, झाकण घट्ट बसणारी. मनकर्णाबाईच्या खोलीत उंदीर फार.

"मागितली का चांदणी?" सारजाबाईने विचारलं.

"न्हाय अजून."

"मागितली न्हाय आन् पेटी आधीच? लेकरू न्हाय तर बाळुतं शिवाय बसलीस."

"पेटी हातात असली म्हंजी तोंड उघडंल माझं."

सारजाबाईने पेटीतले स्वतःचे कपडे काढून खुंटीला टांगले आणि पेटी दिली.

वरच्या थराची जागा

हत्ती पोत्यात गेला. आता वरचा थर. मनकर्णाबाईने हात पदराला पुसले, दाराकडे आली आणि वर बघितलं. येताना डोक्यावर पेटी होती, वर बघता आलं नव्हतं.

कमानीत चांदणी होती. पण ती पत्र्याची होती. पाच कोनांची, चकचकीत, मधे आरसा बसवलेली.

ती बघतच होती तेवढ्यात मास्तर आले. गळ्याला मफलर, हातात पेटीचं कुलूप.

"आलीस का? सारजा बरी आहे?"

"बरी हाय. मास्तर, ही..."

"बघ की. मिससाहेबांनी मुंबईहून मागवली होती. नाताळ होऊन गेल्यावर पोचली. म्हटलं, एक दिवस तरी मिरवू दे बिचारीला."

"आन् जुनी?"

"जुनी काल उतरवली. विटून गेली होती गं. चांदपाशाला सांगितलं, मनकर्णेला नेऊन दे म्हणून. चुलीला होईल."

मनकर्णाबाईला आपण काय ऐकलं ते लवकर कळलं नाही. "मला?"

"तुलाच. का, नको होती?"

तेरा दिवस. तेरा दिवस तिने शब्द जुळवले, लासूर गाठलं, बहिणीचे कपडे खुंटीला लागले, आणि मास्तरांनी मफलर सारखा करता करता चांदणी देऊनही टाकली होती. तिला हसू आलं. दहा महिन्यांत ती हसली नव्हती, त्यामुळे आवाज जरा चमत्कारिक निघाला.

"लई उपकार झाले, मास्तर."

"चार काटक्यांचे कसले उपकार? थंडी आहे, आंघोळीला पाणी तापव."

"येते मी. पेटी ऱ्हाऊ द्या तशीच, येऊन भरते."

पत्र्याची पेटी काखेला मारून ती निघाली. चालता चालता सगळं ठरत गेलं. कोन एकात एक बसवायचे, वर कडूलिंब. मास्तरांच्या घरी त्यांच्या पत्नी वच्छलाबाई होत्या. त्यांना वाचता येत होतं आणि त्या कुणाला काही विचारत नसत. दर रविवारी प्रार्थनेनंतर एक पान त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. एकच. घाई करायची नाही. बत्तीस पानं म्हणजे बत्तीस रविवार. पोळ्यापर्यंत पुरतील. पोळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. वाचायचं म्हणजे काय असेल त्यात? पाढे असतील. कविता असेल. कुठंतरी माझ्या आईचं नाव मनकर्णा, असंही असेल. शाळेत तसं लिहायला लावतात.

पुलापाशी तिला धाप लागली. तरी थांबली नाही.

वर

चांदपाशाच्या अंगणात संक्रांतीचे पतंग दोरीवर वाळत घातले होते. त्याची सून आबेदा खळ ढवळत होती.

"आव मौशी. पेटी ठेवो ना खाली."

मनकर्णाबाईने पेटी काखेतच ठेवली. चांदपाशा आतून आला. तिला बघून त्याने टोपी नीट केली, स्वतः बाज ओढली आणि आबेदाला पाणी आणायला सांगितलं.

"चांदभाऊ, चांदणी न्यायला आले."

 तो समोर जमिनीवर बसला.

"बाई, मास्तर म्हणले, मनकर्णाबाईला दे, चुलीत घालील. मी म्हटलं, तोबा. ज्या कागदावर गेलेल्या लेकराचा हात, तो कागद आईनं चुलीत घालायचा? मास्तरला इल्म लई, पन हे न्हाय कळलं. मी काय बोललो न्हाय. डोक्यावर घेतली आन् घेऊन आलो."

"बरं केलं," मनकर्णाबाई म्हणाली. "कुठं हाय?"

"थंडी केली, बाई."

तिचा या गावात जन्म गेला होता. थंडं करणं म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. मोहरमाच्या दहाव्या दिवशी ताबूत नदीवर जातो. ज्याच्यासाठी दहा दिवस रडले, त्याचा कागद पाण्याला देतात. द्यावाच लागतो. बिनथंडा ताबूत कुणी घरात ठेवत नाही. ठेवला तर दुःख घरात बसतं आणि उठत नाही. चांदपाशाच्या चार पिढ्यांनी हेच केलं होतं. कागदावर कुणाचा जीव जडला तर त्याचं दुसरं काय करतात, हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

"काल ऊन उतरताना, असरच्या नमाजानंतर गेलो. मी, फारूख, वहाब. दोघं लेकरं माझी, अनवाणी आली. आठ कोन आठ वेळा दिले पाण्याला, एकदम न्हाय टाकले. तुमच्यात चालतं का न्हाय मला म्हाईत नाय, पन मी फातेहा दिली. नाव दोन्ही घेतले. द्वारकी बी घेतलं, मार्था बी घेतलं. कोन्तं बी नाव वर लिहिलं आसंल तरी पोचंल."

आबेदाने पाण्याचा तांब्या ठेवला. मनकर्णाबाईने तो उचलला आणि न पिता हातात धरून बसली.

"कागद लगेच गेला?"

"लाल लगेच सुटला. कच्चा रंग आसतो त्याचा. पांढरा जरा थांबला. शाई निळी निळी झाली पाण्यात. मग ती बी गेली."

"कुणी वाचलं का?"

"आं?"

"काय लिवलं होतं ते. कुणी वाचलं का?"

चांदपाशा सुनेकडे बघायला लागला, सून त्याच्याकडे. "आमच्या घरात उर्दू येती बाई. तुमची बाळबोध कुणाला येती?"

तो उठून आत गेला आणि हातात काही तरी घेऊन आला. चांदणीच्या कामट्या. आठही कोन, स्वच्छ धुतलेले, एकात एक बसवलेले. ताबुताचाही सांगाडा कोणी वाहू देत नाही, कागद तेवढा जातो.

"हे परत आणलं. पुढल्या साली मढवून देतो तुम्हाला, तुमच्या घरासाठी. पैशाचं बोलू नका."

तिने सांगाड्याला हात लावून बघितलं. एका गाठीपाशी खळीचा पापुद्रा राहिला होता, नखाएवढा. तिने तो नखाने खरवडून काढला, उजेडात धरला. खळच होती. कामट्या त्याच्या हातच्या होत्या. कागद द्वारकीच्या हातचा होता.

"बाई," चांदपाशा म्हणाला, "मी अकरा दिवस तुम्हाला कमानीखाली बघितलं. घरी येऊन हिला सांगायचो. म्हटलं, ही माय अशी वर्षभर उभी ऱ्हाईल. कुणीतरी उतरवायला पाहिजे. बरोबर केलं न्हवं मी?"

तो सत्तरीचा होता. थंडीच्या दिवसांत गुडघाभर पाण्यात उभा राहिला होता, त्यामुळे बोलता बोलता खोकत होता. उत्तरासाठी तो खाली मान घालून थांबला, शाळेतल्या पोरासारखा.

मास्तरांनी सांगितलं तसं याने केलं असतं, नुसतं दारात आणून टाकलं असतं, तर चांदणी आता तिच्याजवळ असती. तिने मागितली असती तर. लासूरला गेली नसती तर. कमानीखाली उभी राहिली नसती, तर या माणसाने एवढा विचारच केला नसता.

"व्हय," मनकर्णाबाई म्हणाली. "बरोबर केलं, भाऊ."

त्याचा चेहरा सैल झाला. त्याने आबेदाला खूण केली. तिने टोपलीखाली झाकून ठेवलेला मलिदा आणला, गुळाचा, वर खोबऱ्याचा कीस. "तुमचा वाटा ठेवला होता मौशी. पूरे मोहल्ल्यानं खाया पोरीच्या नावानं."

मनकर्णाबाईने खाल्ला. सगळा खाल्ला, बोटं चाटली, कारण दोघं बघत होती.

"पेटीत काय हाय मौशी?" आबेदाने विचारलं.

"काय न्हाय. बहिणीनं दिली."

कामट्या तिने पेटीत ठेवल्या. चांदपाशाने झाकण लावायला मदत केली आणि पुलापर्यंत सोडायला आला.

कुलूप

देवळात मास्तर बाकावर बसून वाट बघत होते. पत्र्याची चांदणी उतरवायला दोघं लागत होते. मनकर्णाबाई शिडी चढली, मास्तरांनी खालून धरली. पत्र्याची कड धारेची होती, तिचं बोट कापलं. तिने बोट तोंडात धरलं, उतरली, चांदणी पोत्यात बांधली आणि झाकण लागतं का ते बघितलं. लागलं नाही. बैल काढून दुसऱ्या अंगाने ठेवले. मग लागलं.

"मिळाली ना ती?" मास्तरांनी विचारलं.

"मिळाली."

"जळेल का नीट? रंग होता, धूर करील."

"जळंल."

"तुझ्या पोरीनेच मढवली होती ना गं ती? मी विसरलोच होतो." मास्तर कुलूप लावत होते, किल्ली अडकत होती. "अक्षर वाकडं तिचं. पण गुणाची होती."

मनकर्णाबाईने केरसुणी घेतली. कडूलिंबाचा चुरा, बेगडीचे तुकडे, साखळीचा एक सुटलेला निळा दुवा. सगळं सुपात भरलं. मास्तर निघून गेले. ती पायरीवर बसली. कमान रिकामी होती आणि तिच्याकडे बघायचं आता कारण नव्हतं, तरी थोड्या वेळाने तिने बघितलं.

तिला आठवलं, द्वारकी जन्मली तेव्हा छावणीत बाजार भरला होता. तिचा बाप सुंठ आणायला गेला होता, जशी ती पेटी आणायला गेली, आणि तो परत येईपर्यंत नाळ कापून झाली होती.